शेजारी चटणी चाललीय

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी रंकाळ्यावर सलग तीन दिवस हातात पेटती उदबत्ती घेऊन फिरत होतो. मी काही धार्मिक माणूस नाही. बत्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेला साधा माणूस आहे. जे केलं ते सगळं शास्त्राला धरून केलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते तुम्हाला पटणार नाही.

आमची एकुलती एक मुलगी प्राजक्ता पुण्यात असते. तिचा सातवा महिना संपत आला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणं मार्चच्या पहिल्या रविवारी ती कोल्हापूरला यायची होती. सुनंदा, म्हणजे माझी बायको, संक्रांतीपासूनच कामाला लागली होती. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली. डिंक आला, अळीव आले, खारका फोडून झाल्या (त्या मी फोडल्या, अंगठा अजून दुखतो). मागच्या खोलीला रंग दिला. रंग कुठला हवा हे मला कुणी विचारलं नाही, शिडी धरायला मात्र बोलावलं.

नेमकी तेव्हाच तापा-खोकल्याची साथ आली. प्राजक्ताचा फोन आला. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की ज्या घरात कुणी खोकत असेल त्या घरात पाऊल टाकायचं नाही. तसं काही झालं तर ती सरळ साताऱ्याला सासूबाईंकडं राहणार होती. आमच्या विहीणबाई फार चांगल्या आहेत, व्याही तर त्याहून चांगले. पण माझ्या नातवंडाला पहिल्यांदा मांडीवर ते घेणार आणि मी कोल्हापुरात बसून फोटो बघणार, हा विचार मला सहन होईना.

"सकाळचं फिरणं बंद करू का?" मी घाबरून विचारलं.

"नको बाबा. मोकळ्या हवेत धोका फार कमी असतो. फक्त कुणाच्या अगदी पाठोपाठ चिकटून चालू नका. पुढच्याचा श्वास मागच्याच्या तोंडावर येतो."

आता इथं माझा एक धंद्यातला दोष सांगायला हवा. जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्यामुळं मला वाक्यातलं 'फक्त'च्या पुढचं तेवढंच दिसतं. फक्त नकाशा काढा, फक्त तीन कारणं लिहा. त्याच्या आधीचं सगळं म्हणजे सूचना. त्या कुणीच वाचत नाही. मी डायरीत लिहिलं, 'पुढच्याचा श्वास मागच्याला लागतो.' आणि त्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हा नियम आमच्या फिरायच्या मंडळीत जाहीर केला. आम्ही सातजण. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांना गुडघे. आमचे म्होरके बापू चौगुले. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, आता हातकणंगल्याजवळ मळा आणि पंधरा म्हशी, राहायला आमच्याच गल्लीत. बापूंनी नियम नीट ऐकून घेतला.

"म्हंजी सर, फुडं असल त्यो वाचला म्हणा की."

"साधारण तसंच."

"मग म्या मागं का म्हणून ऱ्हाऊ?" असं म्हणून बापू पुढं झाले.

आता बापू पुढं गेल्यावर उरलेल्यांनी काय मागं राहायचं? तुम्ही कोल्हापूरच्या माणसाला उपाशी ठेवू शकता, उन्हात उभं करू शकता, पण कुणाच्या मागं ठेवू शकत नाही. पोस्टातून निवृत्त झालेल्यांनी बापूंना गाठलं. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी पोस्टाला गाठलं. मी मास्तर असल्यामुळं 'सावकाश, सावकाश' म्हणत होतो, पण ते म्हणता म्हणता मीही पळायला लागलो. दोन मिनिटांत सात म्हातारे लेंगे आवळून रंकाळ्याच्या काठानं धावत होते! वाटेत दुसऱ्या पेठेतली मंडळी फिरत होती. त्यांना काय चाललंय हे कळलं नाही, पण ह्या पेठेची माणसं पुढं चाललीत एवढं कळलं. मग तेही पळाले.

पाऊण फेरी झाली आणि कट्ट्याला धरून आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडासमोर लोहाराच्या भात्यासारखे धापा टाकत उभे राहिलो. तेवढ्यात बापूंना शंका आली. कोल्हापुरात शंका नेहमी पळून झाल्यावर येते.

"सर, तळं तर गोल हाय."

"मग?"

"मग सगळ्यात फुडं असल त्यो सगळ्यात मागं असल त्येच्या मागंच की हो."

मी विचार करायला लागलो. पृथ्वी गोल आहे हे मी बत्तीस वर्षं शिकवलं होतं, पण रंकाळा गोल असल्याचे परिणाम माझ्या कधी लक्षात आले नव्हते. गोलात पुढचा कोण? बँकवाल्यांनी जमिनीवर काटकीनं आकृती काढली. ती बघून गोंधळ आणखी वाढला. अर्धा तास वाद झाला आणि शेवटी असं ठरलं, की पुढं-मागं सोडा, खरं काम वारा करतो. ज्याच्याकडून वारा येतो तो धोक्याचा. वारा म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. भूगोल माझा विषय!

वाऱ्याची दिशा कळायची कशी? वर्गात मी कागदाचं वातकुक्कुट करून दाखवत असे, पण ते हातात धरून फिरायला लाज वाटली. उदबत्ती बरी, धूर वळतो तिकडं वारा. लाज तिच्यात कमी असेल, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी दोन बायकांनी मला बघून हात जोडले. मीही जोडले, त्यात उदबत्ती विझली. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी चपला काढल्या आणि माझ्या मागून अनवाणी चालायला लागले. मी म्हणालो, "आजोबा, मागून चालू नका, धोका आहे." त्यांनी समजून मान हलवली. व्रत कडक दिसतंय, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी बोलणंही बंद केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या मागं अकरा माणसं होती. सगळी गप्प, सगळी अनवाणी, सगळी माझ्या पाठीला चिकटून. एका बाईंनी कुठल्या देवाचं चाललंय, असं हळूच विचारलं. मी म्हणालो, "विषाणूसाठी आहे." त्यांनी मागच्या बाईला सांगितलं, आणि देवाचं नाव कधी ऐकलं नसूनही दोघींनी डोळे मिटून नमस्कार केला.

त्यात वाराही धड नव्हता. रंकाळ्यावर तो एकदा पाण्याकडून यायचा, एकदा गावाकडून, आणि मी थांबलो की तोही थांबायचा. मी घरी आलो तो ठरवूनच आलो. उघड्यावर व्यायाम करणं म्हणजे मरण. वारा असेल तिथं विषाणू असणार, म्हणून वारा नसेल तिथं व्यायाम करायचा. आणि अशी जागा माझ्याकडं होती, आमचा हॉल!

सोमवारी सकाळी बाकीचे सहाही जण आमच्याकडं आले. मी चारी खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि दाराच्या फटीला जुनं धोतर लावलं. सुनंदा चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली.

"अहो, खिडक्या का लावल्यात?"

"वारा येतो."

"खिडकीतून वाराच यायचा असतो."

"वाऱ्यातून विषाणू येतात."

"आणि ही सहा माणसं कुठनं आली?"

"दारातून," मी म्हणालो.

तिनं चहाचा ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला आणि ती मागच्या अंगणात जाऊन बसली. (पुढं डॉक्टर म्हणाले, की ती वाचली ती त्यामुळंच. तिचं म्हणणं, सात माणसांच्या पायमोज्यांचा वास तिला सोसवला नाही.)

आत आम्ही काय काय केलं ते आता लिहितानाही मला कसंतरी होतं. बारा बाय पंधराच्या खोलीत सात माणसांनी आधी सूर्यनमस्कार घातले. मग कपालभाती केली, म्हणजे जोरजोरात श्वास बाहेर फेकायचा. बापूंचा श्वास पैलवानाचा, तो भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत पोचत होता. मग तब्येतीला चांगलं म्हणून गोल करून, एकमेकांच्या तोंडाकडं तोंड करून, दहा मिनिटं मोठ्यांदा हसलो. विषाणूनं स्वतः बसून कार्यक्रम आखला असता तरी त्याला इतकं सुचलं नसतं!

मंगळवारी हसता हसता बापूंना खोकला आला. चांगला मिनिटभर चालला. इतर कुठल्याही गावात त्या क्षणी सहाजण दार उघडून पळाले असते. पण ते चटणीचे दिवस होते. फेब्रुवारी संपत आला, की आमच्याकडं घरोघरी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या भाजायला काढतात. त्या धुरानं सगळी गल्ली दोन महिने खोकते, शिंकते आणि डोळे पुसते. या दिवसांत खोकणाऱ्या माणसाला कुणी 'काय झालं' म्हणून विचारत नाही. विचारायचा प्रश्न एकच असतो.

"किती किलो, बापू?" मी विचारलं.

"पंधरा," बापू खोकत म्हणाले. "आनि ह्या खेपंची मिरची लई जहाल हाय सर."

आमचं सगळ्यांचं समाधान झालं. आम्ही पुन्हा हसायला लागलो.

बुधवारी पोस्टवाले खोकले. त्यांची आठ किलो होती. गुरुवारी बँकवाले आलेच नाहीत, त्यांच्याकडं सहा किलो असल्याचा निरोप आला. शुक्रवारी बापूंना ताप भरला. मी त्यांच्या अंगणात उभा राहून विचारलं, "बापू, चटणीनं ताप कसा येईल?" बापूंनाही ते कोडं पडलं होतं. भट्टीजवळ बसल्यानं अंगात ऊब शिरली असंल, असा त्यांचा अंदाज होता. मला तो पटला. तेव्हा मला काहीही पटत होतं, कारण शनिवारी दुपारी माझ्या घशात काहीतरी खवखवायला लागलं होतं आणि आमच्याकडं मिरच्या अजून आणलेल्याच नव्हत्या.

रविवारी सकाळी सातला प्राजक्ताचा फोन आला. बॅगा भरून झाल्या होत्या, जावई गाडी काढत होते. मी 'हॅलो' म्हणालो आणि त्याच्यापाठोपाठ, कितीही दाबला तरी, खोकला आला.

"बाबा, खोकला?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"छे. शेजारी चटणी चाललीय."

"हां, मग ठीक," ती म्हणाली आणि हसली. "निघतो आम्ही."

कोल्हापूरची पोर, तिनं एका क्षणात विश्वास ठेवला. मी फोन ठेवला आणि वळलो, तर सुनंदा मागं उभी. हातात बाळाचं दुपटं होतं, घडी घालायची राहिलेलं.

"शेजारी कुलूप आहे," ती म्हणाली. "माने कालपासून नृसिंहवाडीला गेलेत."

पुढं ती काही बोलली असती तर मी वाद घातला असता. ती नुसती दुपट्याची घडी घालत राहिली. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पोटुशी पोर चार तासांचा प्रवास करून माझ्या शब्दावर घरात येणार होती आणि शब्द होता मिरचीचा. मी फोन उचलला.

"प्राजू, शेजारी चटणी नाही," मी म्हणालो. "मलाच झालंय."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आम्ही साताऱ्यालाच थांबतो." आवाज रडवेला होता. तो लपवायला ती कुठलीच चटणी पुढं करत नव्हती.

मी खुर्चीत बसून राहिलो. मागच्या खोलीचा रंग नवा कोरा दिसत होता. ज्या एका गोष्टीसाठी मी पळालो, उदबत्ती घेऊन फिरलो, दाराला धोतर लावलं, ती गोष्ट मीच घालवली होती, आणि तीही चहा पाजून!

सुनंदानं दुपटं कपाटात ठेवलं आणि माझी पिशवी काढली. तिचं म्हणणं सरळ होतं. हे पोरीचं माहेर आहे, माझा दवाखाना नाही. तेव्हा पोरीनं काही दिवस साताऱ्याला थांबावं आणि मी घर सोडावं. ती खिडक्या उघडणार, घर धुऊन काढणार, आणि डॉक्टर म्हणतील त्या दिवशी पोर येणार. मी कुठं जायचं, हे विचारायच्या आत तिनं बापूंच्या बायकोला फोन केला होता. त्या बाईही बापूंना घराबाहेर काढायच्याच तयारीत होत्या.

तोवर उरलेले तिघंही खोकायला लागले होते. अशा रीतीनं आमचे सातही जण बापूंच्या मळ्यात जाऊन पडले. मोहोरलेल्या आंब्याखाली, दहा-दहा फुटांवर सात बाजा. डॉक्टर बांधावरून विचारपूस करून गोळ्या देऊन गेले. घराघरांतून डबे यायचे, तेही बांधावर ठेवून माणसं पळायची. चार दिवस ताप, अंगदुखी आणि म्हशींची संगत. पाचव्या दिवशी जरा बरं वाटलं. झाडाखाली गार वारा सुटला होता, चांगला मोकळा. बापू बाजेवर उठून बसले.

"सर, एक इचारू का? पोरीनं तुमास्नी मुळात सांगितलंतं काय?"

मी डायरी काढली. त्यात लाल रेघांवरचं ते एकच वाक्य होतं. मग मी डोळे मिटून तो फोन आठवला, पहिल्यापासून.

"मोकळ्या हवेत धोका फार कमी असतो, असं म्हणाली होती."

"कवा? आदी का नंतर?"

"आधी."

बापूंनी पांघरूण बाजूला सारलं. "म्हंजी आपण रंकाळ्यावर गपचिप फिरत ऱ्हायलो असतो तर कायबी झालं नसतं."

"बहुतेक नसतं."

"आनि तुमी आमास्नी कोंडून हसवलासा."

मी डायरी मिटून उशाखाली ठेवली. पलीकडच्या बाजेवरून पोस्टवाले म्हणाले, की पोरांना परीक्षेत कमी मार्क का पडायचे ते आता कळलं.

पुढचं सगळं मात्र ठरल्यासारखं झालं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर प्राजक्ता माहेरी आली. एप्रिलच्या मध्यावर तिला मुलगी झाली. पाचव्या दिवशी बाळ घरी आलं. चारी खिडक्या सताड उघड्या होत्या आणि माझ्यावर तिघींचा पहारा होता: बायको, मुलगी आणि खास त्यासाठी साताऱ्याहून आलेल्या विहीणबाई. मला बाळ दारातून दाखवलं. मी दारातून बघितलं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला कोवळं ऊन दाखवायला प्राजक्ता मागच्या अंगणात आली. मी तुळशीपाशी उभा होतो, आठ फूट अंतर राखून.

"या बाबा," ती म्हणाली. "इथं मोकळी हवा आहे. घ्या."

मी तीनदा हात धुतले आणि पाटावर बसलो. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. बाळानं डोळे किलकिले करून माझ्याकडं बघितलं, जांभई दिली आणि माझं बोट धरलं, तोच खारका फोडताना ठेचलेला अंगठा. चष्म्यातून काही दिसेना.

"बाबा, डोळ्यांत पाणी?" प्राजक्ता एक पाऊल पुढं आली. "सर्दी झाली का?"

"छे छे. शेजारी चटणी चाललीय."

सकाळचे पावणेसात वाजले होते. मान्यांचं दार बंद होतं. साऱ्या गल्लीत धुराची एक रेघ नव्हती. मागून आलेल्या सुनंदानं त्या बंद दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अगदी सहज विचारलं, "किती किलो?"

बत्तीस वर्षं मीच प्रश्न काढत आलो होतो, उत्तरं लिहायची सवय राहिली नव्हती.